फंडिंग नंतर बघू, आधी तुझं प्रोसिडिंग बुक दाखव

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातला एक तरुण शिक्षक तीन मित्रांना घेऊन गेली तीन वर्षं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतोय. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मुलं आजीजवळ राहतात, शाळा हळूहळू सुटते, ती सुटू नये एवढाच उद्देश. आतापर्यंत सगळं खिशातून आणि गावच्या मदतीवर चाललंय, आता रीतसर संस्था काढायचीय. त्याने विचारलंय की ट्रस्ट करू, सोसायटी करू की सेक्शन एट कंपनी (नफा न वाटणारी कंपनी), सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा कसा मिळवू, आणि एक कन्सल्टंट म्हणतोय १० टक्के द्या, २५ लाखांचं फंडिंग आणून देतो, तर त्याला हो म्हणू का.

(अरेतुरे करतेय, राग मानू नको, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्यात तुझी घाई दिसतेय. नाही म्हण. प्रपोजल लिहून देण्याचे, कागद लावून देण्याचे ठरलेले पैसे घेणारी माणसं असतात, त्यात गैर काही नाही, मीही घेते. पण आणलेल्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला एकच विचार, हे १० टक्के कुठल्या हेडमधून घेणार? कुठलीही कंपनी बजेटमध्ये कमिशन नावाची ओळ मंजूर करत नाही, म्हणजे ते पैसे खोट्या बिलातून काढावे लागणार, खाऊच्या नाहीतर वह्यांच्या. आणि याच मंडळींची पुढची पायरी ठरलेली असते, मोठा चेक देतो, अर्धे कॅशमध्ये परत करा. माझ्या ओळखीतली एक चांगली चाललेली संस्था याच्यात बसली, आयकरची नोटीस आली, १२ए म्हणजे आयकर सवलतीची नोंदणी गेली, आणि ज्या बाईंनी कागदांवर सह्या केल्या होत्या त्यांना त्या व्यवहारातला एक रुपयाही मिळालेला नव्हता.

मी २००३ ला लातूरकडच्या एका संस्थेत अकाउंटंट म्हणून लागले. तेव्हा १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उगवलेल्या संस्थांच्या पाट्या अजून रस्त्याकडेला दिसायच्या, पैशांचा ओघ होता तोवर ऑफिस, जीप, कॉम्प्युटर सगळं होतं, ओघ आटला आणि पाट्या गंजल्या. त्यातल्या काही टिकल्या. काम तर बऱ्याच जणांचं चांगलं होतं, पण टिकलेल्या संस्थांच्या कपाटात फाईली होत्या आणि त्यांचे विश्वस्त मीटिंगला खरोखर यायचे, घरी रजिस्टर पाठवून सह्या नव्हते करत. पुढच्या वीसेक वर्षांत मी जेवढ्या संस्थांचे हिशेब बघितले त्यात हेच दिसत राहिलं. देणाऱ्याला तुझी कळकळ पाच मिनिटांत कळते रे, मग उरलेले सहा महिने तो एवढंच शोधत असतो की याला दिलेला पैसा जिथे सांगितला तिथे जाईल का आणि त्याचा हिशेब मला न मागता येईल का.

आता कडू गोष्ट. तुमची ही तीन वर्षं कागदावर शून्य आहेत. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीला सीएसआरचं काम बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायचं असेल तर ती संस्था नोंदलेली हवी, १२ए आणि ८०जी (देणाऱ्याला करात सूट देणारं सर्टिफिकेट) हवं, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा. अनुभव म्हणजे संस्थेचा अनुभव, चार मित्रांचा नाही. ऑडिट झालेले तीन ताळेबंद दाखव म्हणतात तेव्हा तू फेसबुकवरचे फोटो दाखवून उपयोग नाही. म्हणजे आज नोंदणी केलीस तरी सरळ सीएसआर मिळायला तीन वर्षं धर. जो कोणी यापेक्षा लवकर देतो म्हणतोय तो वर सांगितलेल्या जातीचा आहे.

नोंदणीचं बघू. महाराष्ट्रात सोसायटी केलीस तरी तिची नोंद दोनदा होते, एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. ट्रस्टला ई नंबर मिळतो, सोसायटीला एफ. सोसायटीला कमीत कमी सात माणसं लागतात, सर्वसाधारण सभा, सभासद, निवडणूक हे सगळं आलं. सेक्शन एट कंपनी मुंबई-पुण्यातल्या लोकांना आवडते, दिसायला चकाचक असते, पण वर्षात काहीही केलं नाही तरी आरओसीचे म्हणजे कंपनी निबंधकाचे फॉर्म भरावेच लागतात, आणि तुझ्या तालुक्यात ते धड करणारा माणूस मिळणार नाही, दर वेळी पुण्याला पैसे पाठवत बसशील. सोसायटी लोकशाहीवाली म्हणून चांगली वाटते, पण मी बघितलेली बहुतेक भांडणं सोसायट्यांमधली, कारण जरा नाव झालं, जमीन झाली की गावातला कोणीतरी ३० सभासद वाढवतो आणि पुढची निवडणूक जिंकतो. तुम्ही चौघं आहात, एकमेकांना ओळखता, ट्रस्ट करा. पाच किंवा सात विश्वस्त ठेवा आणि त्यांची मुदत घटनेत म्हणजे ट्रस्ट डीडमध्ये लिहा, तहहयात विश्वस्त हे पद ठेवू नका, मला माहितीय तुमच्या वकिलाच्या तयार मसुद्यात ते असणार.

हां, आणि तू जिल्हा परिषदेचा शिक्षक असशील तर थांब जरा. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम आहेत, वर्गणी गोळा करायला आधी परवानगी लागते. लेखी परवानगी घे, नाहीतर स्वतः विश्वस्त होऊ नको, नुसता स्वयंसेवक रहा. नाहीतर गावात एकाशी वाजलं की तो पहिला अर्ज तुझ्याच विरुद्ध करणार.

बाकीचे विश्वस्त कोण? इथे सगळे चुकतात. बायको, भाऊ, मेहुणा आणि एक मित्र असं मंडळ केलं की कंपनीची बाई आडनावं बघूनच फाईल बाजूला ठेवते. आणि दुसरी चूक उलट्या बाजूची, मोठी नावं घ्यायची, माजी आमदार, कारखान्याचे संचालक, ती माणसं एकाही मीटिंगला येत नाहीत आणि सहीसाठी त्यांच्या वाड्यावर तीन चकरा होतात. तुला पाहिजेत एक रिटायर्ड बँक मॅनेजर, ज्याला व्हाउचर दिसलं की राहवत नाही असा, एक बाई जी स्वतः ऊसतोडीला गेलेली आहे, एक मुख्याध्यापक नाहीतर अंगणवाडी सुपरवायझर राहिलेली कोणीतरी, आणि एक माणूस जो तुझ्याशी भांडेल. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. ऊसतोडीला गेलेली बाई म्हणजे शोपीस नव्हे हं. उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम किती घेतली की आईबाप मुलांना बरोबर नेतात आणि कधी ठेवून जातात हे तिला माहितीय, तुला नाही.

मीटिंगचं इतिवृत्त म्हणजे प्रोसिडिंग बुक त्याच दिवशी लिहायचं. हातानं लिहिलेलं, पानांवर नंबर असलेलं, कोण हजर, काय ठराव, सूचक-अनुमोदक. बँक खातं उघडायचं, शिक्षक नेमायचा, पगार ठरवायचा, कुठल्या प्रोजेक्टला अर्ज करायचा, प्रत्येक गोष्टीचा ठराव. मला कुठल्याही संस्थेने बोलावलं की मी पहिलं हे बुक मागते. बारा मीटिंगच्या सह्या एकाच पेनने, एकाच शाईत असतील तर मला पुढचं काही बघावं लागत नाही, आणि कंपनीने पाठवलेल्या तपासनिसालाही लागत नाही.

यातली सगळ्यात महाग चूक सांगते, चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज करायचा असतो. आणि तो नुसता देऊन चालत नाही, मंजूर होऊन शेड्यूल वनवर म्हणजे परिशिष्ट एकवर, धर्मादाय ऑफिसातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नोंद होईपर्यंत मागे लागायचं. २०१६ ला मराठवाड्यातल्याच एका संस्थेचं काम मी करत होते, एक कंपनी १८ लाख द्यायला तयार झालेली, फिल्ड व्हिजिट झाली, सगळ्यांना काम आवडलं. त्यांनी ताजं शेड्यूल वन मागितलं. आम्ही काढलं तर त्यावर अध्यक्ष म्हणून जे गुरुजी होते ते वारून नऊ वर्षं झाली होती. बदल अर्ज केलेला होता, पण तारखेला कोणी गेलंच नाही म्हणून तो केव्हाच फेटाळला गेलेला, आणि हे कोणाला माहिती नाही कारण अर्जाची पोच फाईलला लावलेली होती आणि पोच दिसली की सगळ्यांना वाटायचं झालं काम. त्यानंतर दोनदा विश्वस्त बदललेले, ते अर्जही त्याच्यामागे लटकलेले. कंपनीच्या फायनान्सवाल्या मॅडमनी फोन करून अगदी साधेपणाने विचारलं, 'तुमचे प्रेसिडेंट एकदा कॉलवर येतील का?' मी काय सांगणार. कागद नीट व्हायला चौदा महिने लागले, तोवर ३१ मार्च उलटून गेला होता आणि पैसे दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

आयकराची दोन सर्टिफिकेटं, १२ए आणि ८०जी. पहिलं संस्थेच्या उत्पन्नावरचा कर वाचवतं, दुसरं देणाऱ्याला सूट देतं. नवीन संस्थेला ही आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळतात. मग काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा मुदत संपायच्या सहा महिने आधी, जे लवकर येईल तेव्हा, पक्क्यासाठी अर्ज करायचा. हे 'जे लवकर येईल' लोक वाचतच नाहीत आणि तिसऱ्या वर्षी धावाधाव करतात. तुमचं काम तर चालूच आहे, म्हणजे तुमचं घड्याळ लगेच सुरू. पक्कं रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं असायचं, २०२५ पासून १२एच्या बाबतीत ज्यांचं वर्षाचं उत्पन्न ५ कोटींच्या आत आहे त्यांना दहा वर्षांचं केलंय, छोट्या संस्थांना तेवढा दिलासा. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा फॉर्मचा चालू नंबर सीएकडून बघून घे, मी आपली सगळे बोलतात तीच जुनी नावं वापरतेय.

८०जी मिळालं की पावतीचं काम वाढतं हे आधीच समजून घे. देणाऱ्याचा पॅन घ्यायचा, वर्षाअखेर १०बीडी म्हणजे देणग्यांचं विवरणपत्र भरायचं आणि ३१ मेपर्यंत प्रत्येकाला १०बीई सर्टिफिकेट द्यायचं. २,००० च्या वर रोख दिली तर त्याला सूट मिळत नाही. नवीन कर पद्धत घेतलेल्या पगारदाराला तर ८०जीचा फायदाच नाही, म्हणून 'टॅक्स वाचेल' या एकाच गोष्टीवर देणगी मागू नको, आता ते पूर्वीसारखं चालत नाही.

हिशेबाचं फार लांबवत नाही, पण हे पाळ. संस्थेचं वेगळं खातं, दोन सह्या. शिक्षकांचा पगार बँकेतून. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख नको, नाहीतर तो खर्च आयकरात धरत नाहीत. एका प्रोजेक्टचे पैसे दुसऱ्याला तात्पुरतेसुद्धा वापरू नको, 'पुढच्या महिन्यात परत टाकतो' असं म्हणत सुरू होतं आणि वर्षाअखेर कोणालाच जुळवता येत नाही. विश्वस्ताने गरज म्हणून संस्थेला उसने पैसे दिले तर तेही कर्जच, कर्जाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यापेक्षा देणगी म्हणून दे आणि विसरून जा. आणि वर्षातून एकदा उठणारा सीए नको, दर तीन महिन्यांनी टॅली बघणारा हवा, त्याला २५,००० द्यावे लागले तरी दे.

तुझा स्वतःचा पगार. हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पूर्णवेळ कोणी करायचं हे चौघांच्या मनात असणारच. विश्वस्ताला कामाचा वाजवी मोबदला घेता येतो, पण घटनेत तशी तरतूद पाहिजे, ठराव पाहिजे, ज्याचा पगार ठरतोय त्याने त्या विषयाला मत द्यायचं नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे जो पूर्णवेळ काम करणार त्याने विश्वस्त होऊच नये, नोकर व्हावं. ऐकायला कसंतरी वाटतं ना, आपणच काढलेल्या संस्थेत नोकर? पण बाहेरून बघणाऱ्याला याच्याइतकं बरं काही वाटत नाही. फुकट काम करतो म्हणून मिरवणारे संस्थापक मी खूप बघितले, चौथ्या वर्षी थकतात, घरचे बोलायला लागतात आणि मग ते संस्थेची गाडी घरच्यासाठी वापरायला लागतात.

बजेट आता जरा सावकाश बघू, कारण इथेच पैसे मिळतात किंवा जातात. तू लिहिलंयस 'एका वर्गाला साधारण तीन-साडेतीन लाख लागतात'. साधारण नको. समज ४० मुलांचा एक वर्ग. दोन शिक्षक, महिना ९,००० प्रमाणे वर्षाचे २,१६,०००. तीन वर्ग धरले तर एक समन्वयक, १५,००० महिना, एका वर्गाच्या वाट्याला ६०,०००. खाऊ, डोक्यामागे १२ रुपये, २४० दिवस, १,१५,२००. वह्या-पुस्तकं ८०० प्रमाणे ३२,०००. खोलीचं भाडं आणि लाईट २४,०००, फिरती १८,०००. झाले ४,६५,२००. आता यात अकाउंटंटचा अर्धवेळ पगार, ऑडिट, फोन, झेरॉक्स कुठे आहे? कुठेच नाही, आणि तुझा साडेतीन लाखांचा आकडा तर याच्याही खाली होता. साधारण १२ टक्के धर, ५५,८०० टाक. ५,२१,०००. भागिले ४०, म्हणजे एका मुलाचे वर्षाला १३,०२५, महिन्याचे अकराशेच्या आत. हा आकडा तुला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे आणि त्यातली प्रत्येक ओळ कशी आली तेही.

ते १२ टक्के लाजून कापू नको. कंपन्यांची माणसं सांगतात की कायद्यात अॅडमिनला ५ टक्केच आहेत. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, तुझ्या अकाउंटंटवर नाही. नम्रपणे सांग, नियमाचा कागद बरोबर ठेव. ऐकतीलच असं नाही, पण तू नियम वाचलाय हे त्यांना कळतं.

दुसरं म्हणजे फिल्डवरची रजिस्टरं. एक प्रसंग सांगते. एका संस्थेच्या अशाच वर्गावर कंपनीचे साहेब आले होते, दारात रांगोळी, मुलींचं स्वागतगीत, नारळ-शाल, सगळं. साहेबांनी शाल बाजूला ठेवली आणि हजेरी मागितली. पटावर ४०, समोर ३१. संस्थेचे सचिव लगेच म्हणाले की आज बाजार आहे सर, म्हणून कमी आहेत. वर्ग घेणारी मुलगी, बारावी झालेली, मध्येच म्हणाली, नाही सर, पाच मुलं कारखान्यावर गेलीत. आणि तिने वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. तिने स्वतःच्या डोक्याने रकाने पाडले होते, मुलाचं नाव, गेल्याची तारीख, मुकादम कोण, कारखाना कुठला, परत कधी आला. तीन मुलं बेळगावकडे, दोन सोलापूरकडे. उरलेली चार? दोघांना ताप, एक बहिणीला सांभाळायला घरी, आणि एकाचं तिला माहिती नव्हतं, तेही तिने तसंच सांगितलं. साहेब त्या पानाचे मोबाईलवर फोटो काढत बसले. सचिवांचं तोंड पडलं होतं, त्यांना वाटलं गेले पैसे. पैसे त्या पानामुळेच मिळाले, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीनेच सांगितलं की हा तक्ता सगळ्या वर्गांवर ठेवा.

तुझ्या वर्गावर असं पान आजपासून सुरू कर, नोंदणी व्हायची वाट बघू नको. जूनमध्ये प्रत्येक मुलाला साधा उतारा वाचायला दे, हातच्याची वजाबाकी दे, कुठे अडतं ते लिहून ठेव, मार्चमध्ये परत. आणि तुला हमखास विचारतील की सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहं निघालीत, मग तुमची गरज काय. याला 'सरकार काही करत नाही' हे उत्तर देऊ नको, देणारा लगेच सावध होतो. तुझ्या गावातली किती मुलं तिकडे जातात, किती जात नाहीत आणि का, हे सांग. लहान मुलांशी काम आहे म्हणजे बालसंरक्षण धोरणही लागणार, शिक्षकांचं पोलीस व्हेरिफिकेशन, मुलांचे फोटो कुठे वापरायचे याची पालकांची संमती. दोन पानांचं धोरण पुरतं, पण ते शिक्षकांना माहिती पाहिजे, नुसतं फाईलला नको.

मग ही तीन वर्षं पैसे कुठून? एक, एखाद्या जुन्या विश्वासू संस्थेच्या छत्राखाली प्रोजेक्ट म्हणून चालव. लेखी करार कर, कोणाचं नाव, कोणाचा हिशेब, वेगळं झालात तर मुलांचं आणि सामानाचं काय, ते आधीच लिहा. मराठवाड्यात बऱ्याच चांगल्या संस्था अशाच मोठ्या झाल्या. दोन, महिन्याला थोडे देणारे. वरचाच हिशेब घे, महिन्याला ११०० देणारे ४० जण म्हणजे वर्षाचे ५,२८,०००, एक वर्ग निघाला. पुण्यात काम करणारे तुझ्याच तालुक्यातले पोरं आहेत ना, हिंजवडीत, चाकणला, त्यांच्यापासून सुरू कर, बँकेत ऑटो डेबिट लावून दे आणि दर तीन महिन्यांनी एक पान पाठव, फक्त खर्च आणि हजेरी, भावनिक काही नको. असे ४० देणगीदार टिकवून ठेवलेले मोठ्या देणगीदाराला दिसले की त्याला वाटतं की ही माणसं हिशेब देतात. गणेशोत्सवात लोकसत्ता दरवर्षी संस्थांची ओळख करून देतो, पितृपंधरवड्यात पुण्यात देणे समाजाचे हे प्रदर्शन भरतं, तिथे पुढेमागे अर्ज कर, पण पावतीपुस्तक, क्यूआर कोड आणि फोन उचलणारा माणूस तयार असल्याशिवाय नको, एकदम दोनशे फोन येतात तेव्हा फजिती होते.

आणि तिसरा, लोकवाटा. तू सहज लिहून गेलास की गावाने खोली दिलीय आणि दर सुगीला ज्वारीची पोती येतात. अरे बाबा, हे कुठे लिहिलंयस? रयत शिक्षण संस्था १९१९ ची, कर्मवीरांची बोर्डिंगं मूठमूठ धान्यावर चालली, मुष्टी फंड म्हणायचे त्याला. तुझ्याकडे तेच चाललंय आणि तू ते हिशेबात धरत नाहीस. वस्तूरूप देणगीचं रजिस्टर कर, कोणी किती दिलं, त्या दिवशीचा बाजारभाव काय, खोलीचं ग्रामपंचायतीचं पत्र घे. गाव २० टक्के उचलतंय असं कागदावर दिसलं तर देणाऱ्याच्या दृष्टीने तू आत्ताच निम्म्या अर्जदारांच्या पुढे गेलास.

परदेशातले नातेवाईक असतील तर आधी पासपोर्ट विचार, मग खाते नंबर दे. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते परकीय योगदान धरत नाहीत. पण न्यू जर्सीतला मामा अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, त्याचे १०० डॉलरसुद्धा एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी असल्याशिवाय चालत नाहीत. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्ये खातं, आणि २०२० नंतर एका संस्थेने दुसरीला ते पैसे पुढे देणंही बंद आहे. तुझ्यासाठी आत्ता हा विषय नाहीच.

तीन वर्षांनी सीएसआरला जाशील तेव्हा मुंबईतल्या बॉम्बे हाऊस, नरिमन पॉइंटवरच्या बड्या कंपन्यांकडे बघू नको. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही बसलं तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. ५ कोटी नफा म्हणजे संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्यातले कितीतरी कारखानदार त्यात येतात. आणि ज्यांची सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत आहे त्यांना वेगळी कमिटी नेमावी लागत नाही, बोर्डच ठरवतं, म्हणजे तू थेट मालकाशी बोलतोस. तो पीपीटी बघत नाही, गाडी काढतो आणि वर्ग बघायला येतो. हे लोक जानेवारीत जागे होतात, ३१ मार्चच्या आत पैसे द्यायचे असतात आणि फोन येतो की चार दिवसांत कागद पाठवा. तेव्हा शेड्यूल वन, पॅन, १२ए, ८०जी, सीएसआर-१, दर्पण या सरकारी पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचं ऑडिट, विश्वस्तांची यादी, ठराव, हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार असलं की निम्मं काम झालं. एखाद्या खासगी साखर कारखान्याचा पैसा आला तर घ्यायचा का, हे मात्र मीटिंगमध्ये आधीच ठरवून ठेवा, चेक समोर आल्यावर तो विषय काढला तर चौघांची चार मतं होतील. माझं मत विचारशील तर घ्यावा, पण करारात वर्गावर कारखान्याची पाटी लागणार नाही असं लिहून घ्यावं, कारण मुलांचे आईबाप त्याच्याच फडात असतात.

प्रपोजलबद्दल तू काही विचारलं नाहीस आणि मीही फार सांगत नाही. वरचं सगळं असेल तर प्रपोजल दोन संध्याकाळचं काम आहे.

वकिलाकडून घटनेचा मसुदा आला की सही करायच्या आधी तीन कलमं बघ. विश्वस्तांची मुदत किती, विश्वस्ताला मोबदला देता येतो का, आणि संस्था बंद झाली तर शिल्लक मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल असं लिहिलंय का. हे तिसरं नसेल तर १२एला अडवतात. उद्दिष्टांच्या यादीत शेतीपासून योगासनांपर्यंत ४२ उद्दिष्टं टाकलेली असतील तर सहा-सात ठेवून बाकीची काढायला लाव. वकील म्हणेल राहू द्या, पुढे उपयोगी पडतील. काढायलाच लाव.